रात्री अडीचला फोन करायची किंमत

प्रश्न थोडक्यात असा: "सरकारी मेडिकल कॉलेजात मेडिसिन विभागात मी नुकताच सहायक प्राध्यापक झालोय. युनिटमध्ये पहिल्या वर्षाचे तीन रेसिडेंट, म्हणजे पदव्युत्तर शिकणारे डॉक्टर, आहेत. तिघंही हुशार, पण रात्री अडलं तरी फोन करत नाहीत. पेशंट बिघडल्याचं सकाळच्या राउंडला कळतं. रागावून झालं, समजावून झालं. त्यातली एक आता सीट सोडते म्हणतेय. जादा माणसं मिळणार नाहीत, पैसे तर नाहीतच. माझ्या हातात आहे त्यात काय करता येईल?"

तुमच्या हातात बरंच आहे. पण आधी एक गैरसमज काढून टाकू. ही मुलं उद्धट आहेत म्हणून फोन करत नाहीत, असं नाही. त्यांना पेशंट बिघडलाय हे कळत नाही, असंही बहुतेक वेळा नसतं. फोन महाग पडतो म्हणून ते करत नाहीत. समोरून येणारा उसासा, "एवढंही येत नाही?" हे वाक्य, दुसऱ्या दिवशी राउंडला सगळ्यांसमोर निघणारा तो विषय, ही सगळी त्या फोनची किंमत. पहिल्या दोन आठवड्यांत ही किंमत त्यांना एकदाच मोजावी लागते. पुढचं वर्षभर ते काटकसर करतात.

माझं स्वतःचं सांगतो. पहिल्या वर्षाला असताना पहाटे तीनला मी रजिस्ट्रारना फोन केला होता. ते शांतपणे म्हणाले, "पेशंट बघून फोन केलास, की फोन करून पेशंट बघणार आहेस?" मी पेशंट बघितला होता. शिवी नाही, आवाज चढवणं नाही, एवढं एकच वाक्य. त्यानंतर दोन महिने मी रात्री कोणालाही फोन केला नाही. त्यातल्याच एका रात्री धाप लागलेल्या एका आजोबांना मी न्यूमोनिया समजून सलाईन चालवत राहिलो. फुप्फुसात पाणी भरत होतं हृदयामुळे. पहाटे एका सीनियर सिस्टरने बाटली बंद केली आणि मला न विचारता त्यांना उठवून बसवलं. आजोबा वाचले. त्यात माझं कर्तृत्व काहीच नव्हतं.

म्हणून पहिलं काम: फोन उचलल्यावरची पहिली तीस सेकंद बांधून घ्या. मी गेली कित्येक वर्षं एकच वाक्य म्हणतो, समोरचा काय सांगणार आहे ते ऐकायच्या आधी: "बरं झालं फोन केलास, सांग." झोपेत असलो तरी तोंडातून तेच निघतं, इतकं ते घोटलंय. फोन फालतू निघाला तरी रात्री शिकवायचं नाही, टोमणा मारायचा नाही. शिकवणं दुसऱ्या दिवशी, चहाला, दोघंच असताना. आणि फालतू वाटणारा फोन खरंच फालतू असतो का, हेही एकदा बघा.

सप्टेंबरातली रात्र, वॉर्ड डेंग्यूने भरलेला. सव्वादोनला फोन. "सर, बेड नऊचे प्लेटलेट बावीस हजार आलेत. प्लेटलेट लावू का?"

"कुठून रक्त येतंय?"

"नाही सर."

"काय करतोय तो?"

"मोबाईल बघतोय."

"मग नको लावू. मला सांग, आज ताप कोणाकोणाचा उतरला?"

थोडा वेळ कागदांची सळसळ. "बेड चौदा. संध्याकाळपासून ताप नाही. तो बरा आहे सर, प्लेटलेट सत्तर हजार आहेत."

"बीपी किती?"

"शंभर बाय चौऱ्याऐंशी."

"वजाबाकी कर."

चार-पाच सेकंद काहीच नाही. मग अगदी बारीक आवाजात: "सोळा."

"जा, हातपाय बघून ये. फोन चालू ठेव."

हातपाय गार होते. हेमॅटोक्रिट, म्हणजे रक्त किती घट्ट झालंय त्याचं माप, सकाळी ४० होतं, रात्रीचा रिपोर्ट ४९. डेंग्यूमध्ये ताप उतरल्यावरचे चोवीस ते अठ्ठेचाळीस तासच सगळ्यात धोक्याचे. रक्तवाहिन्यांतून पाणी पाझरतं, रक्त घट्ट होतं, आणि वरचं-खालचं बीपी एकमेकांच्या जवळ सरकतं. फरक २० किंवा त्याहून कमी झाला की तो शॉक, मग वरचा आकडा शंभर असो की एकशेदहा. साठ किलोचा मुलगा होता. पहिल्या तासाला सहाशे मिली रिंगर लॅक्टेट सलाईन, दर पंधरा मिनिटांनी नाडी-बीपी, आणि मी गाडी काढली. सकाळी तो उठून बसला होता.

हा फोन चुकीच्या पेशंटसाठी आला होता, हे लक्षात घ्या. "बावीस हजारला कोणी फोन करतं का?" असं म्हणून मी ठेवला असता, तर बेड चौदा राउंडलाच सापडला असता. आणि त्या रेसिडेंटला नाडीदाब, म्हणजे वरच्या-खालच्या बीपीतला फरक, पुस्तकातून पाठ होताच. ती वजाबाकी रात्री सव्वादोनला, घाबरलेल्या डोक्याने करायची असते, हे त्याला तिथे कळलं. मला विचाराल तर खरं शिक्षण या अशा चार मिनिटांत होतं. बाकी सेमिनार वगैरे त्याची पूर्वतयारी.

दुसरं काम: फोन करावा की नाही, हा निर्णयच त्यांच्याकडून काढून घ्या. नर्सिंग स्टेशनच्या भिंतीवर, सिस्टरच्या डोळ्यांसमोर, एक कागद चिकटवा. त्यावर "फोन करायचाच" एवढंच शीर्षक. खाली: वरचं बीपी ९० च्या खाली, दोन बीपींतला फरक २० किंवा कमी, श्वास मिनिटाला ३० च्या वर, ऑक्सिजन लावूनही सॅच्युरेशन ९० च्या खाली, सलग दोन तास लघवी नगण्य, शुद्धीत कुठलाही बदल, पोटॅशियम ६ च्या वर. श्वासाची नळी टाकण्याची वेळ आली तर. डामा, म्हणजे डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध डिस्चार्ज, घेऊन जायला निघालेल्या पेशंटची सही घेण्याआधी. नातेवाइकांचा आवाज चढला तर. आणि शेवटचं, माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं: सिस्टरला पेशंट "बरा वाटत नाही" तर, बाकी सगळे आकडे चांगले असले तरी. या कागदाखाली तुमची आणि युनिट हेडची सही हवी. सही असली की रेसिडेंटला म्हणता येतं, "सर, कागदावर आहे म्हणून फोन केला." त्याचा कमीपणा जातो. कागदाला विचारून केलेला फोन फुकट पडतो.

कागदावरचा श्वासाचा आकडा मात्र आधी खरा करून घ्यावा लागेल. कुठल्याही वॉर्डातले केस पेपर काढून बघा, सगळ्यांचा रेस्पिरेटरी रेट १८ किंवा २०. अख्खा वॉर्ड एका तालात श्वास घेतोय! कोणी मोजतच नाही. राउंडला मी रेसिडेंटला घड्याळ हातात देऊन पूर्ण मिनिट मोजायला लावतो आणि तोवर सगळे गप्प उभे राहतात. ते मिनिट फार लांब वाटतं. पण तीन-चार दिवसांत आकडे खरे यायला लागतात.

आता कामाच्या तासांबद्दल, कारण रेसिडेंट फोन करत नाही याचं एक कारण थकवाही आहे. त्याला आपण थकलोय हेही कळत नाही. सतत सतरा तास जागं राहिल्यावर माणसाची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के दारू असताना होते तितकी घसरते, हे १९९७ मध्ये मोजून दाखवलं गेलंय. २००४ मध्ये बॉस्टनच्या आयसीयूंमध्ये दोन प्रकारच्या ड्युट्यांची तुलना झाली. चोवीस तासांहून लांब पाळ्या करणाऱ्या इंटर्नच्या हातून गंभीर चुका ३६ टक्क्यांनी जास्त झाल्या होत्या.

या विषयात न्यूयॉर्कच्या लिबी झायनचं प्रकरण नेहमी सांगितलं जातं, पण अर्धंच. मार्च १९८४. अठरा वर्षांची मुलगी ताप आणि अंगाला येणारे झटके म्हणून रात्री दाखल झाली आणि सकाळी गेली. ती नैराश्यासाठी फेनेल्झिन घेत होती, तिला रात्री पेथिडीन हे वेदनाशामक दिलं गेलं. ही जोडी जीवघेणी ठरू शकते. बघणारे डॉक्टर शिकाऊ होते, सीनियर घरी, फोनवर. वडील पत्रकार होते, त्यांनी विषय सोडला नाही. त्यातून १९८९ मध्ये न्यूयॉर्क राज्याचा नियम आला: आठवड्याला ८० तास, सलग २४. पुढे २००३ मध्ये तो आकडा अमेरिकाभर लागू झाला. एवढा भाग सगळ्यांना पाठ आहे. त्याच नियमाचा दुसरा भाग होता की अनुभवी डॉक्टर रुग्णालयात चोवीस तास हजर असला पाहिजे. तो कोणी सांगत नाही. रात्री घरून यावं लागेल ना!

आणि मुळात चोवीस तास रुग्णालयातच राहायची ही कल्पना आली कुठून? एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी बॉल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये ती रुजली. 'निवासी' हा शब्द तिथलाच, कारण ते खरोखर तिथेच राहायचे. तिथल्या सर्जरीचे गुरू हाल्स्टेड स्वतः आधी कोकेनच्या आणि पुढे मॉर्फिनच्या आहारी होते. न थकणाऱ्या डॉक्टरचा आदर्श आम्हाला डोस म्हणून पाजला गेला, पण हा तपशील कोणी सांगितला नव्हता.

आपल्याकडे नियम नाहीत असं नाही. केंद्राच्या १९९२ च्या रेसिडेन्सी योजनेत आठवड्याला ४८ तास आणि सलग १२ तासांपेक्षा जास्त नाही, असं लिहिलेलं आहे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२३ च्या पदव्युत्तर नियमांत "वाजवी तास", आठवड्याची सुट्टी आणि वर्षाला किमान २० किरकोळ रजा आहेत. पण 'वाजवी' म्हणजे किती, हे नाही. आयोगाच्याच कार्यगटाने २०२४ मध्ये मानसिक आरोग्यावरच्या अहवालात आठवड्याला ७४ तासांची शिफारस केली. नियमाचं बोट धरून डीन ऑफिसात भांडायला जाऊ नका. त्यात तुमचे सहा महिने जातील. कागद-पेन्सिल घ्या.

आठवड्याचे तास १६८. वॉर्डात पहिल्या वर्षाचा एक जण सतत हवा असं धरलं, तर तिघांत प्रत्येकी ५६ तास. ७४ मधून ५६ गेले, उरले १८. या अठरा तासांत सकाळचे राउंड आणि ओपीडी, जिथे दोघंतिघं एकदम लागतात, ते बसवायचं. बसतं. ओढाताण होते, पण बसतं. म्हणजे तुमच्या तिघांना ७४ मध्ये ठेवणं गणिताने शक्य आहे, आणि तरी ते शंभरावर जात असतील तर तास कुठेतरी गळतायत. दोघंच असते तर ८४ पासूनच सुरुवात झाली असती. मग शेजारच्या युनिटबरोबर रात्री वाटून घेण्यावाचून गत्यंतर नव्हतं. सीट सोडते म्हणणारी मुलगी गेली तर तुमचं गणित नेमकं तिथेच येऊन पडेल, हेही डोक्यात असू द्या.

तास गळतात ते मुख्यतः धावपळीत. एका रेसिडेंटला मी एकदा इमर्जन्सीच्या दिवशी, म्हणजे नवे पेशंट घ्यायची पाळी युनिटची असते तेव्हा, खिशात कागद ठेवायला सांगितला: डॉक्टरकी सोडून जे काही करशील त्याची रेघ मारत जा. सकाळी कागद बघितला. लॅबला सॅम्पल नेणं नऊ वेळा, ब्लड बँकेत तीनदा, सीटीला ट्रॉली ढकलत दोनदा, रिपोर्ट शोधायला किती वेळा ते त्याने मोजायचं सोडून दिलं होतं. मामा, म्हणजे वॉर्डबॉय, एकच, तोही तीन वॉर्डांत. हा कागद घेऊन मी अधीक्षकांकडे गेलो. "रेसिडेंट थकतात" असं म्हटलं असतं तर त्यांनी मान डोलावली असती. रेघा बघून त्यांनी रात्री आठ ते दोन एक मामा फक्त सॅम्पलसाठी दिला. जादा माणूस मिळाला नाही, दिवसपाळीतला हलवला. तुम्हीही आधी रेघा जमवा, मग बोला.

पोस्ट-इमर्जन्सीला, म्हणजे इमर्जन्सीच्या दुसऱ्या दिवशी, रेसिडेंट दुपारी बारानंतर वॉर्डात दिसला तर चूक तुमची, त्याची नाही. "सर, डिस्चार्ज कार्ड राहिलीत" म्हणेल. कार्डं दुसरा लिहील. त्याला तुम्ही स्वतः जिन्यापर्यंत सोडून या.

फक्त तास कापले आणि बाकी तसंच ठेवलं तर उपयोग होत नाही. अमेरिकेतल्या नंतरच्या मोठ्या चाचण्यांत कडक पाळ्या आणि सैल पाळ्या यांच्यात मृत्यूंचा फरक दिसला नाही. माझा अर्थ असा: पाळी लहान झाली की पेशंट जास्त हातांतून जातो, आणि हात बदलताना माहिती सांडते. म्हणून ओव्हर, म्हणजे पाळी बदलताना पेशंट सोपवणं. आपल्याकडे ओव्हर म्हणजे लिफ्टपाशी उभं राहून "बाकी सगळे स्टेबल, बेड सहाचा सोडियम बघ". 'स्टेबल' या शब्दाला माझ्या युनिटमध्ये बंदी आहे. ओव्हर खाटेपाशी, सगळ्यात आजारी पेशंटपासून सुरू. खाट क्रमांक एकपासून नाही, कारण विसाव्या खाटेला पोचेपर्यंत ऐकणाऱ्याचं लक्ष उडालेलं असतं. प्रत्येकाबद्दल 'तर' यायला हवा: लघवी कमी झाली तर काय, ताप आला तर काय, बीपी पडलं तर काय. आणि घेणाऱ्याने ते आपल्या शब्दांत परत म्हणून दाखवायचं. या धर्तीवर बांधलेल्या ओव्हरचा अभ्यास २०१४ मध्ये अमेरिका-कॅनडातल्या नऊ रुग्णालयांच्या बालरोग विभागांतून प्रसिद्ध झाला. चुका २३ टक्क्यांनी आणि टाळता येण्याजोगी इजा ३० टक्क्यांनी कमी झाली. पैसा लागला नाही, लागली ती शिस्त. पहिले दोन आठवडे तुम्हाला स्वतःला रात्री आठला उभं राहावं लागेल. तुम्ही गेलात की पुन्हा लिफ्ट.

एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही, पण विचारतो: तिघांतलं कोणी महाराष्ट्राबाहेरचं आहे का? सरकारी कॉलेजांतल्या पदव्युत्तर जागांपैकी निम्म्या अखिल भारतीय कोट्यातून भरतात, त्यामुळे असणारच. या मुलांचं एक वेगळं एकटेपण असतं आणि ते शिक्षणाच्या आड येतं. माझ्याकडे एका हुशार मुलाने केस पेपरवर इंग्रजीत लिहिलं होतं की पेशंटला वायू सरतोय. बाईंनी सांगितलं होतं, "डाव्या अंगावरून वारं गेलं." अर्धांगवायूचा पेशंट, आणि तो पोट तपासत बसलेला. त्याला हसलो आम्ही सगळे. नंतर मला स्वतःची लाज वाटली. शिकवायचं कोणी होतं त्याला? तेव्हापासून जॉइन झाल्यावर पहिल्या आठवड्यात सिस्टर आणि मावशी मिळून त्यांचा रोज अर्धा तास वर्ग घेतात. उन्हाळी लागणं म्हणजे लघवीला जळजळ. अंगावरून जाणं म्हणजे काय. जीव घाबरा होतो म्हणणाऱ्या पेशंटची ईसीजी आधी काढायची, चर्चा नंतर. फेफरं, कळ, धाप, उमासे. आणि जुन्या बायका "पोटात गोळा उठतो" म्हणतात तेव्हा तो गाठ नसून कळही असू शकते. मावशींना 'मॅडम' म्हणून वर्गाला बोलावलं की त्या किती मन लावून शिकवतात ते बघा. दुसरा फायदा असा की वर्गात बसलेल्या मुलांना रात्री त्याच मावशी सांगायला येतात, "डॉक्टर, तो कोपऱ्यातला बघा जरा."

हाताची कामं, म्हणजे सेंट्रल लाईन, पोटातलं पाणी काढणं, लंबर पंक्चर, यांबद्दल फार लिहीत नाही. 'एक बघ, एक कर, एक शिकव' हे सोडून द्या. माझा नियम: पहिल्या पाच वेळा कोणीतरी हातमोजे घालून शेजारी उभं असलं पाहिजे. लॉगबुकात खोट्या नोंदी करायला लावू नका. त्यांना जे येत नाही ते तुम्हाला खरंखुरं कळलं पाहिजे. जीवनरक्षक प्रशिक्षण पहिल्या वर्षातच द्यायचं असं २०२३ च्या नियमांतच आहे, पण ते जॉइन झाल्यावर आठ महिन्यांनी झालं तर काय उपयोग? भरतीच्या आठवड्यातच दुपारी पुतळा मागवा आणि घाम येईपर्यंत छाती दाबायला लावा. मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच-सहा सेंटिमीटर खोल. पुस्तकात सोपं वाटतं, दोन मिनिटांत हात भरून येतात.

मृत्यूंची बैठक ही वेगळी जागा. बहुतेक ठिकाणी तिचा पहिला प्रश्न असतो: "ड्युटी कोणाची होती?" त्या क्षणी खोलीतला प्रत्येक ज्युनियर ठरवतो की पुढच्या वेळी कमी लिहायचं. तुमच्या युनिटमध्ये पहिला प्रश्न बदला: "रात्री दोन वाजता त्याला काय काय माहीत होतं?" मग कळतं की रिपोर्ट चारला आला, आयसीयूत खाट नव्हती, फोन लागत नव्हता. चूक झालेली असतेच कधीकधी, तीही निघते, पण तिच्याबरोबर बाकीची साखळी निघते. संशोधक एमी एडमंडसन यांनी अमेरिकेतल्या वॉर्डांत औषधांच्या चुका मोजल्या तेव्हा चांगलं नेतृत्व असलेल्या वॉर्डांत चुकांची नोंद जास्त निघाली. तिथे चुका जास्त होत नव्हत्या. तिथे माणसं सांगत होती. तुम्ही फोन स्वस्त केलात की तुमच्याही युनिटच्या नोंदी आधी वाईटच दिसतील. युनिट हेडना हे आधी सांगून ठेवा, नाहीतर ते म्हणतील नवा माणूस आल्यापासून गोंधळ वाढलाय.

पहिला मृत्यू. रेसिडेंटच्या हातून गेलेला पहिला पेशंट बहुधा रात्री जातो. तो सर्टिफिकेट लिहितो, नातेवाइकांना सांगतो, पुढचा पेशंट घेतो. सकाळी राउंडला त्या खाटेवर नवीन चादर. दहा मिनिटं काढून त्याला बाहेर घेऊन जा. उपदेश करू नका, "सवय होईल" तर अजिबात म्हणू नका. तुमचा पहिला कोण होता ते सांगा. मी त्या आजोबांची गोष्ट सांगतो, ती वाचल्याची असूनही. कारण न वाचण्याच्या किती जवळ होती ते ऐकणाऱ्याला कळतं.

बाकीच्या गोष्टी बारीक आहेत पण मुलं त्यांवरूनच आपली किंमत ओळखतात. हेपॅटायटिस बीचे तीन डोस झालेत का आणि शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी अँटीबॉडी तपासल्या का. सुई टोचली तर एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं शक्यतो दोन तासांत सुरू व्हायला हवीत, बहात्तर तासांनंतर उपयोग नाही, आणि कोर्स २८ दिवसांचा. हे सगळ्यांना माहीत असतं. रात्री त्या कपाटाची किल्ली कोणाकडे असते हे माहीत नसतं. आज रात्रीच विचारून बघा. ड्युटी रूमला आतून कडी आहे का, दिवा लागतो का, मुलींना वेगळी खोली आहे का, स्वच्छतागृह किती लांब आहे आणि वाटेत अंधार आहे का. ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्यात डॉक्टरवर बलात्कार आणि तिचा खून झाला, तो ती ड्युटीवर असताना सेमिनार रूममध्ये विसावली होती तेव्हा; त्यानंतर सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय कार्यदल नेमलं, अहवाल येतील-जातील. कडी बसवायला सुतार पुरतो.

सीनियर रेसिडेंटच जाच करत असतील, म्हणजे रात्रभर जागवून वह्या लिहून घेणं, अंघोळीला न सोडणं, जातीवरून बोलणं, तर त्याला 'आमच्या वेळीही होतं' म्हणून सोडू नका. ते रॅगिंग आहे, त्याला महाराष्ट्रात १९९९ पासून कायदा आहे, आणि तक्रार करणाऱ्या मुलाचं नाव तुमच्या तोंडून बाहेर जाता कामा नये.

आता ती सीट सोडायचं म्हणणारी मुलगी. तिला केबिनमध्ये बोलावू नका. केबिनमध्ये बोलावणं म्हणजे मेमो, एवढाच अर्थ या मुलांना माहीत असतो. पोस्ट-इमर्जन्सीच्या दिवशी तर नाहीच, त्या दिवशी मीसुद्धा राजीनामा दिला असता. तिला आधी सलग दोन रात्री झोपू द्या, तुम्ही तिची एक ड्युटी घ्या. हो, तुम्ही स्वतः, वॉर्डात, कपडे बदलून. त्या रात्री तुम्हाला तुमच्या युनिटबद्दल जे कळेल ते मी इथे लिहिलेल्यापेक्षा जास्त असेल. मग तिसऱ्या दिवशी कँटीनमध्ये विचारा, सोडायचं आहे ते मेडिसिन, की हे कॉलेज, की या रात्री? ही तीन वेगळी दुखणी आहेत. आणि थेट विचारा: जीव नकोसा वाटतो का, मरणाचे विचार येतात का. विचारल्याने ते विचार डोक्यात घुसत नाहीत, हे आपण पेशंटच्या बाबतीत शिकवतो आणि आपल्याच मुलांना विचारताना जीभ अडखळते. हो म्हणाली तर त्याच दिवशी मानसोपचार विभागात, पण शक्यतो दुसऱ्या कॉलेजच्या. आपल्याच विभागाच्या ओपीडीत केस पेपर काढून रांगेत बसायला कोणी तयार होत नाही. रात्री-अपरात्रीसाठी १४४१६, टेली-मानस, मराठीतही बोलतात. हॉस्टेलवर तिच्या खोलीशेजारी कोण राहतं ते माहीत करून घ्या, आणि पहिले काही दिवस तिला एकटी राहू देऊ नका.

नाही म्हणाली, आणि नीट झोपून, शांतपणे विचार करूनही जायचंच म्हणाली, तर तिचा अर्ज तुमच्या टेबलावर एक दिवससुद्धा अडकवू नका. दंडाचे, मूळ कागदपत्रं परत मिळवण्याचे हेलपाटे पुढे आहेतच. ऑफिसातल्या कोणत्या खिडकीवर आधी जायचं ते विचारून ठेवा आणि पहिल्या दिवशी तिच्याबरोबर तुम्ही जा. उरलेले दोघं कॉरिडॉरमधून ते बघत असतील.